आधी दिवा, मग जीव

डॉक्टर लवटे मेलेल्या माणसाला अहो-जाहो करायचे. टेबलावर कुणी देवमाणूस असो, नाहीतर कालपर्यंत गल्लीत दारू पिऊन शिव्या घालणारा असो, "जरा कुशीवर व्हा मामा," "हात सोडा बरं ताई," असं हळू आवाजात बोलत त्यांचं काम चालायचं. आणि दारात आम्ही जिती माणसं उभी असायचो, आम्हाला मात्र "ए हवालदार, भिताडाकडं काय बघतोस? इकडं बघ." पहिल्या दिवशी मला याचा असा राग आला होता की विचारू नका. वर्दीला अरे-तुरे आणि मढ्याला मान!

मी तेव्हा परंडा तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. माझं अक्षर चांगलं. त्यामुळं कुणी विहिरीत पडलं, कुणी झाडाला लटकलेलं आढळलं, कुणी झोपेतून उठलंच नाही, की साहेब म्हणायचे, जा, तूच जा, तुझा पंचनामा वाचता तरी येतो. चांगल्या अक्षराची एवढी मोठी शिक्षा दुसऱ्या कुणी भोगली असेल असं मला वाटत नाही. आठवड्यातून दोनदा तरी मी मढं घेऊन सरकारी दवाखान्यामागच्या त्या पत्र्याच्या खोलीपाशी उभा असायचो, आणि आतून लवटे डॉक्टर हाक मारायचे.

त्या पहिल्या दिवशी मी नाकाला अत्तर लावलेला रुमाल बांधून गेलो होतो. डॉक्टरांनी जवळ येऊन तो रुमाल खाली ओढला. म्हणाले, मेलेल्या माणसाकडं सांगायला लई थोडं उरलेलं असतं, त्यात एक वास असतो, आणि तू तेवढाही बुजवून आलास. मी तणतणत बाहेर जाऊन लिंबाखाली बसलो. तासाभरानं हे महाशय कोपरापर्यंत साबण चोळून हात धुऊन बाहेर आले, खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढली आणि माझ्यापुढं धरली. त्या हातातलं कोण खाणार? मी मान हलवली. "नको? बरं झालं, मला उरले," म्हणून शेजारी बसून कुडुम कुडुम खात राहिले. पुढच्या सगळ्या वर्षांत ती पुडी त्यांनी प्रत्येक वेळी पुढं केली, आणि प्रत्येक वेळी मी नको म्हणालो.

दिसायला हडकुळे, उंच, पाठीत किंचित वाकलेले. पायात बिनलेसचे कॅनव्हासचे बूट. गाव ईटकडचं, घर मेंढरं राखणारं. आपण या कामाला कसे लागलो हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते लहान असताना एका अवकाळी गारपिटीत वाघुरीतली, म्हणजे जाळीच्या कुंपणातली मेंढरं भिऊन एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली. सकाळी बघितलं तर खालची अकरा मेलेली. अंगावर ओरखडा नाही. लांडगा नाही, साप नाही. भावकीतल्या कुणीतरी करणी केली म्हणून चुलता भांडायला निघाला. बाप तेवढा मेंढरांशेजारी उकिडवा बसून होता, तो म्हणाला, "वारं अडलं त्यांचं." डॉक्टर म्हणाले, त्या एका वाक्यानं त्या दिवशी दोन घरांतली हाणामारी टळली, आणि मी डॉक्टर झालो.

तेच वाक्य पुढं त्यांच्या तोंडात कायमचं बसलं. मढं टेबलावर आलं की आधी दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं आणि मग स्वतःशीच विचारायचं, "वारं कुठं अडलं?" मला शिकवताना म्हणायचे, माणसाला वाऱ्याच्या चार वेशी असतात. नाका-तोंडाची पहिली, गळ्याची दुसरी, छातीची तिसरी. या तिन्ही ठिकाणी अडलं तर शोधणाऱ्याला अंगावर काही ना काही सापडतं. चौथी वेस माणसाच्या अंगाबाहेर असते, हवेतच. तिथं अडलं तर अंग बघून पुरत नाही. माणूस जिथं पडला तिथं जावं लागतं. मी हे सगळं ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, मला काय करायचंय, मला पंचनामा लिहून घरी जायचंय. एकदा घाईघाईत मी फासाची गाठ सोडून दोरी नुसती गुंडाळून आणली, तर पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गाठ कुणी कशी मारली हे तिच्याकडं बघूनच कळलं असतं, आणि मी ती सोडून बसलो होतो.

दुसऱ्या वेशीची एक गोष्ट सांगतो. एका गावात कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या मटणाच्या जेवणात एक पन्नाशीचा गडी पंगतीतून उठला, दोन पावलं गेला आणि कोसळला. जेवण घातलेलं चुलतभावानं, आणि दोघांत बांधावरून जुनं वैर. झालं! इख घातलं म्हणून दोन्हीकडची माणसं दवाखान्यात गोळा झाली, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात दगड. आम्ही चार पोलीस. डॉक्टर आत गेले, तासाभरानं एक स्टीलची वाटी घेऊन बाहेर आले आणि दोन्हीकडचे दोन म्हातारे तेवढे बाजूला घेतले. वाटीत मटणाचा एक तुकडा होता, अंगठ्याएवढा. श्वासाच्या नळीत सापडलेला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, गड्याला दाढा किती होत्या? मेलेल्याचा थोरला भाऊ त्या वाटीकडं बघून म्हणाला, "एकबी न्हाय." मग त्यानं हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. माणसं एक-एक करत निघून गेली आणि चुलतभावानं मयताला खांदा दिला.

असे हे डॉक्टर. त्यांच्या एका कागदावर माणसं घरी जायची, नाहीतर तुरुंगात जायची, आणि याचा त्यांना कधी विसर पडला नाही. म्हणून पुढं जे झालं ते जास्त लागतं.

त्याची सुरुवात एका बंद पडलेल्या आडापासून झाली. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला आड, पाणी शोधायला म्हणून दोघं उतरले आणि दोघंही वर आले नाहीत. गाव म्हणालं, पाण्यातल्या साती आसरांनी ओढलं. काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, त्यांना वर्षभर कुणी निवद दाखवला नव्हता. डॉक्टर स्वतः तिथं गेले, दोरीला कंदील बांधून आत सोडला. निम्म्यावर जाऊन तो विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. बायामाणसं डोळे विस्फारून बघत होती. परत येताना माझ्या मोटारसायकलवर मागं बसून डॉक्टर म्हणाले, हवालदार, हे एवढं प्रत्येक गावाला दाखवलं तर माझ्या टेबलावर निम्मी माणसं येणार नाहीत.

आणि मग या माणसानं माझे रविवार खाल्ले. तुळजापूरच्या एका जुन्या दुकानातून त्यांनी कंदील शोधून आणला. तो कंदील, दोरीचं वेटोळं आणि डॉक्टर असे तिघं माझ्या गाडीवर. आठवडी बाजार, मारुतीचा पार, शाळेचं पटांगण, जिथं चार माणसं दिसतील तिथं हे उभे राहायचे. "आधी दिवा, मग जीव," असं त्यांचं घोषवाक्य होतं. लोकांना ते आवडलं. मला वाटलं अजून एक ओळ हवी. मी जुळवली: "दिवा जळतो, माणूस जगतो." डॉक्टरांना ती इतकी पसंत पडली की त्यांनी स्वतः तांबड्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि म्हणाले, अक्षर चांगलं आहे ना तुझं? लिही. वीस-पंचवीस गावांत, शाळांच्या आणि विहिरींच्या भिंतींवर मी ती ओळ लिहिली. ओळ माझी, खाली नाव डॉक्टरांचं. एका गावचा माणूस मुद्दाम येऊन सांगून गेला की दिवा विझला म्हणून आमचे तिघं उतरले नाहीत, वाचले. त्या दिवशी डॉक्टरांनी शेंगदाण्याच्या जागी मला पेढा दिला. तो मी खाल्ला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सीनेकडच्या एका वस्तीवरून फोन आला. वस्तीचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथंच राहतात. महादेव आणि सोपान, सख्खे भाऊ, दोघंही तिशीतले, विहिरीत गेले. मी पोचलो तेव्हा दोघांना वर काढून बाजेवर ठेवलं होतं. आणि त्यांचे चेहरे! मी इतकी मढी बघितली, पण असे चेहरे बघितले नव्हते. लालबुंद, जित्यासारखे, आत्ताच जेवून उन्हातून आल्यासारखे. नखंसुद्धा गुलाबी. त्यांची आई रडायची थांबून सारखी म्हणत होती, ही झोपल्यात, उठवा त्यांना.

महादेवाची बायको कौसल्या विहिरीच्या काठावर बसलेली. तिनं सकाळी दोघांना किटलीतून चहा नेऊन दिला होता. आदल्या दिवशी थोरल्या मुलीला बार्शीला शाळेत घालायचं की नाही यावरून तिचं नि नवऱ्याचं कडाक्याचं भांडण झालेलं, अख्ख्या वस्तीनं ऐकलेलं. ती सांगत होती, मालक उतरायच्या आधी म्या दिवा सोडला, दिवा जळत होता, म्हणून जावा म्हणाले. मालक पडले तसे भाऊजी त्यांना काढाय गेले, तेबी पडले. शेजारचा एक गडी तीन पायऱ्या उतरला, त्याला भोवळ आली, त्याला दोरीनं ओढून काढला.

सासरे दगडूआण्णा तिच्यासमोर उभे होते. ते ओरडले नाहीत. मला भिंतीजवळ घेऊन गेले आणि माझ्याच अक्षरातली ओळ बोटानं दाखवली. "हे खरं हाय का न्हाय? दिवा जळतो, माणूस जगतो. मग दिवा जळत व्हता तर माझी दोन लेकरं मेली कशी? एकतर हिनं दिवा सोडलाच न्हाय, न्हायतर च्यात इख घातलं."

माझीच ओळ. मी पंचनामा लिहिला, किटली जप्त केली. साहेबांनी फोनवर सांगितलं, बाईला संध्याकाळपर्यंत आणून बसव. कौसल्येच्या दोन पोरी शेजारणीच्या पदराला धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दोघांना टेबलावर घेतलं. त्या दिवशी ते मामा म्हणाले नाहीत, दादा म्हणाले नाहीत. नुसतं बघत उभे राहिले. मग उघडल्यावर रक्त दिसलं, डाळिंबाच्या दाण्यासारखं लालभडक. डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "इंजिन कुठं होतं?"

कसलं इंजिन? माझ्या पंचनाम्यात इंजिनाचं नावही नव्हतं. मग मला आठवलं. गोठ्याजवळ पाणी उपसायचं पेट्रोलवरचं एक लहान इंजिन धुऊन-पुसून ठेवलेलं होतं. आपल्याकडं पाणी खोल गेलं की वरून पाइप ओढत नाही, म्हणून माणसं इंजिनच दोरीनं आत सोडतात आणि विहिरीतल्या टप्प्यावर ठेवून चालवतात. सगळेच करतात. मला त्यात लिहिण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा कळलं, ते सकाळपासून खाली चालू होतं, पेट्रोल संपून बंद पडलं, आणि ते भरायलाच महादेव उतरला होता. माणसं काढल्यावर कुणीतरी इंजिनही वर ओढलं, भाड्यानं आणलेली वस्तू खराब नको म्हणून.

"चौथी वेस," डॉक्टर म्हणाले. इंजिनाचा धूर खाली साठतो. त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, तो रक्तातली प्राणवायूची जागाच बळकावून बसतो आणि रक्त असं लाल करून ठेवतो. मी विचारलं, मग दिवा? दिव्याला जळायला पुरेल एवढी हवा तिथं असते, म्हणाले. माणसाच्या रक्तात मात्र ती शिरत नाही.

मला पुढचं सगळं एकदम दिसलं. साहेबांचा नुकताच निरोप आला होता, तो मी त्यांना सांगितला आणि माझ्या पदरचंही थोडं घातलं. म्हणालो, डॉक्टर, व्हिसेरा तपासणीला पाठवा, अभिप्राय राखून ठेवा, अहवाल यायला महिने लागतात, तोवर लोक विसरतील. तुम्ही कशाला मधी पडता? आज तुम्ही धुराचं नाव घेतलं तर पहिला सवाल दिव्याचा येणार, आणि दिवा तुमचा आहे. ते म्हणाले, व्हिसेरा तर पाठवणारच. पण तोवर ती बाई कुठं असेल? त्या वेळी कौसल्या ठाण्यात बाकावर बसलेली होती, आणि मीच तिला तिथं बसवून आलो होतो. डॉक्टरांनी दोघांना नीट शिवलं, चादर ओढली आणि महादेवाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "दिवा मीच सोडाय सांगितला होता, दादा."

अंत्यविधी झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते वस्तीवर आले. साहेबांशी भांडून कौसल्येलाही आणायला लावलं. भर दुपारी सगळ्या वस्तीसमोर त्यांनी तेच इंजिन दोरीनं टप्प्यावर सोडायला लावलं आणि तासाभर चालू ठेवलं. कुणी काठाच्या जवळ यायचं नाही असं दरडावून सांगितलं. मग आपला कंदील सोडला. सगळ्यांना दिसत होता, खाली शांतपणे जळत होता. त्याच्या मागोमाग त्यांनी पाटीत पाय बांधलेली एक कोंबडी सोडली. थोड्या वेळानं दोन्ही दोऱ्या वर ओढल्या. कंदील जळतच वर आला. कोंबडी मेलेली होती.

इतके दिवस न रडलेली कौसल्या तेव्हा रडायला लागली आणि एकच सांगत राहिली, "म्या दोनदा बघितला दिवा. दोनदा बघितला."

डॉक्टर दगडूआण्णांसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "आण्णा, इख न्हाय. लेकरं इंजिनाच्या धुरानं गेली. बाई खरं बोलतीय. दिवा जळतोय तर उतरा, असं मी शिकवलं. तिनं माझं ऐकलं."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं वर मान करून बघितलं. "तुमी डॉक्टर. तुमाला ठावं नव्हतं?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस स्वतःला वाचवेल. नव्हतं ठाऊक म्हणेल, तेवढ्यावर सुटेल. कोण त्याला पुस्तक उघडून विचारणार होतं?

"ठावं होतं," डॉक्टर म्हणाले. "सांगायचं राहिलं."

आण्णांनी त्यांना हात लावला नाही. त्यांच्या हातातून कंदील तेवढा काढून घेतला, फुंकर मारून विझवला आणि घरात घेऊन गेले. तो परत मागायचं धाडस आमच्यापैकी कुणाचं झालं नाही. कौसल्येला त्या दिवशी मी ठाण्यात परत नेलं नाही. साहेब काय म्हणायचं ते म्हणाले, मीही पहिल्यांदा उलट बोललो.

पुढं तक्रार झाली, चौकशी लागली. चौकशीत डॉक्टरांनी विहिरीवर सांगितलं तेच लिहून दिलं, एक अक्षर कमी नाही. माझं नाव कुठंही घेतलं नाही. ओळ तुमची की हवालदाराची, असं विचारलं असतं तरी ते आपलीच म्हणाले असते. महिन्यांनी व्हिसेऱ्याचा अहवाल आला, विष नाही असा; तोवर त्यांची बदली झालेली. पण जायच्या आधी आणि नंतरही रजा काढकाढून त्यांनी माझे रविवार पुन्हा खाल्ले. त्याच वीस-पंचवीस गावांत जाऊन आम्ही ती ओळ खरवडून काढली. मी पत्रा घेऊन घासायचो आणि चिडायचो. एकदा म्हणालोही, अहो, दिव्यानं वाचली त्या माणसांचं काय? ते म्हणाले, "दिवा विझला तर उतरू नका, हे खरंच आहे. पण जळला तर उतरा, हे मी कशाला म्हणालो?" मला एवढंच ठाऊक होतं, की ते त्यांनी म्हटलं नव्हतं, मी लिहिलं होतं. हे मी त्यांना त्या दिवशी म्हणायला हवं होतं. राहिलं.

कौसल्येनं त्यांना कधी शिवी दिली नाही आणि कधी त्यांचे आभारही मानले नाहीत. तिनं का मानावेत? ती रान बघते, पोरी बार्शीला शिकतात.

मी निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात परंड्याला बियाणं आणायला गेलो होतो. भर दुपारची वेळ. स्टँडजवळच्या पंप-इंजिनाच्या दुकानात, नव्या इंजिनांच्या रांगेपुढं, एक म्हातारा उकिडवा बसलेला दिसला. बिनलेसच्या बुटांवरून ओळखलं. शेजारी तांबड्या ऑइलपेंटचा डबा. दुसऱ्या हातानं मनगट धरून ते एकेका इंजिनाच्या टाकीवर काहीतरी लिहीत होते. दुकानदार म्हणाला, हे असंच भूम, बार्शी, कुर्डुवाडी सगळीकडं करतात, आधी आम्ही हाकलायचो, आता नाही हाकलत.

मी जवळ जाऊन बसलो. ते माझ्याकडं बघून हसले. अक्षरं वेडीवाकडी, ओघळलेली. मी ब्रशाला हात घातला, म्हणालो, द्या डॉक्टर, मी लिहितो, माझं अक्षर चांगलं आहे.

"नको," ते म्हणाले. "या वेळी मलाच लिहू दे. तू वाचून दाखव. मला आता दिसत न्हाय नीट."

मी वाचलं. "विहिरीत नेऊ नका. दिवा जळला तरी माणूस मरतो. डॉक्टर लवटे."

"नाव वाचता येतंय ना?"

येतंय म्हणालो. त्यांनी खिशातून पुडी काढून माझ्यापुढं धरली. मी त्यातले चार शेंगदाणे उचलून तोंडात टाकले. डॉक्टरांनी पुडी परत खिशात ठेवली, डबा हातात घेतला आणि बसल्या बसल्याच पुढच्या इंजिनाकडं सरकले.